ट्यूबलाइटच्या उजेडातली रेघ

फेब्रुवारीतली गोष्ट आहे, पण अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून टाकते. सकाळचे सव्वासात झालेले, पोराची व्हॅन साडेसातला खाली येऊन हॉर्न मारते आणि अर्धा मिनिटही थांबत नाही, भाजी अजून गंजातच, पोराला एक मोजा सापडत नव्हता, आणि आमच्याकडे स्वयंपाकाला येते ती आल्या आल्या म्हणाली, "ताई, तुमच्या बाथरूमात जाऊन येऊ का?" म्हटलं जा ना, विचारायचं काय त्यात. सात-आठ मिनिटांनी बाहेर आली ती ओढणीखाली काहीतरी धरून. ओट्यापाशी येऊन उभी राहिली, आधी हॉलमध्ये कोणी आहे का ते पाहिलं, मग ओढणी बाजूला केली. पांढरी प्लास्टिकची पट्टी, बोटाएवढी. आशाताईनं दिलेली, दिवस गेलेत का ते पाहायची फुकटातली निश्चय किट. "पाहा ना जरा ताई, एक आहे का दोन? मले तं काही समजून नाही राहिलं." मी पाहिलं. म्हणजे पाहिलं असं म्हणायचं, नजर फिरवली. ट्यूबलाइटखाली सी पुढची रेघ ठसठशीत लाल, टी पुढे पांढरं. "एकच आहे गं," मी म्हटलं आणि डब्ब्याचं झाकण लावलं. ती "बरं" म्हणाली. पट्टी पेपरात गुंडाळून डस्टबिनमध्ये टाकली, साबणानं दोनदा हात धुतले आणि कणिक भिजवायला घेतली. लग्नाला चार वर्षं झालीत तिच्या. मी तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, व्हॅनचा हॉर्न वाजला होता.

संध्याकाळी कचरा बांधताना ती पेपरची पुडी हाताला लागली. का उघडली मी, माहीत नाही. बाल्कनीत उन्हाचा तिरपा पट्टा शिल्लक होता, त्यात धरली, तर टी पुढे काहीतरी होतं. रेघ म्हणावी की नाही असं. धुतलेल्या कपड्यावर कुंकवाचा डाग राहतो ना, तेवढंच. पट्टी जवळ नेली की जायची, तिरपी केली की परत यायची. मी मोबाइलवर शोधलं, तर सगळीकडे एकच, पाच मिनिटांनी पाहायचं आणि दहा मिनिटांनंतर जे दिसेल ते धरायचं नाही, कारण लघवी वाळली की तिथं उगीच एक फिकी छटा येते. म्हणजे आता मला जे दिसत होतं ते सकाळीही होतं आणि मी घाईत पाहिलं नाही, का दिवसभरात वाळून आलं, हे सांगायला कोणीच नव्हतं. पट्टी काही बोलत नाही. आणि सकाळची ती पाच मिनिटं मी डब्ब्याच्या झाकणाला देऊन बसले होते.

ती पुडी मी फेकली नाही. बाल्कनीतल्या रिकाम्या कुंडीत ठेवली, तीन दिवस.

फोन करायला पाहिजे होता. सरळ म्हणायला पाहिजे होतं की बाई, अजून चार दिवसांनी सकाळी उठल्या उठल्या पहिल्या लघवीत परत करून पाहा, आज तू चहा पिऊन, एक घर करून आलीस, लघवी पातळ होती, नसेल दिसलं. एवढंच वाक्य. हे मला माहीत होतं, कारण मी स्वतः यातून गेलेय. पण मी स्वतःला समजावलं की उगीच आशा कशाला लावायची, नसलं तर परत रडेल. हे एक कारण. दुसरं कारण लिहायला जड जातंय पण लिहिते. तिला दिवस गेले असते तर तिनं काम सोडलं असतं, आणि मार्चमध्ये बँकेत आमची कंबर मोडते, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं, अशा वेळी नवीन बाई शोधायची म्हणजे काय ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. त्या सकाळी मी "एकच" म्हटलं तेव्हा हे डोक्यात होतं का? मी खूपदा विचारलंय स्वतःला. होतं, कुठंतरी मागे होतंच. माणसाला जे सोयीचं असतं ते डोळ्याला आधी दिसतं. दुसऱ्या दिवशी ती आली ते सुट्टी मागायलाच. "महादेवाले जाऊन राहिलो ताई, सासूनं नवस बोलला आहे." महाशिवरात्रीला आपल्याकडून गाड्या भरभरून लोक पचमढीला जातात, चौरागडाच्या पायऱ्या चढतात, खांद्यावर त्रिशूळ घेऊन. मूल होऊ दे म्हणून ती चढायला निघाली होती. मी पाचशे रुपये दिले आणि म्हटलं, माझ्याकडूनही नमस्कार सांग.

आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, तुमचं बरं आहे, घरच्या घरी पाहता तरी येतं. १९८४ साली माझ्या वेळेस बाबांनी महालातून धंतोलीच्या लॅबमध्ये बाटली नेली होती, सायकलवर. हॉर्लिक्सची धुतलेली बाटली, तिच्याभोवती बाबांचा नॅपकिन, वरून कापडी पिशवी, आणि ती पिशवी हँडलला न लटकवता पोटाशी धरून एका हातानं सायकल, कारण हिंदकळली तर. कॉटन मार्केटात ओळखीचे भेटले, काय नेता म्हणून विचारलं तर बाबा म्हणाले औषध. संध्याकाळी परत जाऊन चिठ्ठी आणायची. त्या लॅबवाल्यानं बाबांना काचेची पट्टी दाखवली म्हणे, एक थेंब लघवीचा, त्यात काहीतरी मिसळून हलवायचं, आणि दाणे जमले तर काही नाही, नाही जमले, दुधासारखं एकसारखं राहिलं, तर दिवस गेलेत. उलटं. बाबांना ते इतकं आवडलं की ते कितीतरी वर्षं सांगायचे, काही झालं नाही म्हणजे झालं! चिठ्ठी घेऊन घरी आले तर आजी दारात, सगळे समोर, म्हणून चिठ्ठी आईला दिलीच नाही, शर्टाच्या खिशात ठेवून जेवायला बसले, आणि आईनं रात्री शर्ट धुवायला काढला तेव्हा तिला कळलं की ती आई होणार आहे. चिठ्ठीवर तिचं नाव चुकीचं लिहिलं होतं. तरी तिनं ती जपून ठेवली, माझ्या डागा हॉस्पिटलच्या जन्माच्या कागदासोबत अजून आहे, घडीवर फाटलेली.

मी मग त्या रात्री झोप येत नव्हती म्हणून वाचतच बसले. प्राचीन इजिप्तमध्ये बायका गहू आणि बार्लीच्या पिशव्यांवर लघवी करायच्या, कोंब फुटले तर दिवस गेलेत. ही अंधश्रद्धा म्हणून सोडून द्यावी तर १९६३ साली संशोधकांनी खरंच करून पाहिलं आणि गरोदर बायकांच्या लघवीनं ७० टक्के वेळा धान्य उगवलं. मग १९२८ मध्ये बर्लिनला आशहाइम आणि झोंडेक या दोघांनी बाईची लघवी उंदराच्या पिल्लांना टोचायची पद्धत काढली, काही दिवसांनी ती मारून त्यांच्या बीजकोशात काय बदल झाला ते पाहायचं. पुढं ससे आले, मग दक्षिण आफ्रिकेतले बेडूक, त्यांचं एक बरं होतं, टोचल्यावर रात्रभरात अंडी घातली तर उत्तर मिळायचं आणि बेडूक जिवंत राहायचा. या सगळ्यात बाई कुठंच नाही. तिची लघवी बाटलीतून जाते, उत्तर चिठ्ठीतून येतं, मध्ये डॉक्टर, लॅबवाला, नवरा. १९६७ मध्ये न्यू जर्सीच्या एका औषध कंपनीत मार्गारेट क्रेन नावाची २६ वर्षांची मुलगी कामाला होती, शास्त्रज्ञ नव्हती, डिझाइनचं काम करायची. लॅबमध्ये आरशावर लटकवलेल्या टेस्ट ट्यूबच्या रांगा पाहिल्या, हे काय म्हणून विचारलं, आणि कळल्यावर तिला वाटलं एवढंच आहे तर बाई घरी का करू शकत नाही? पेपर क्लिप ठेवायची प्लास्टिकची डबी घेऊन तिनं घरीच नमुना बनवला. कंपनीतले लोक नाहीच म्हणत होते. पेटंट तिच्या नावानं निघालं आणि हक्क तिनं एका डॉलरला लिहून दिले. एवढ्या सगळ्या खटपटीनंतर ती गोष्ट एकदाची बाईच्या हातात आली, आणि माझ्या स्वयंपाकघरात तिनं ती ओढणीखाली लपवून आणली आणि माझ्या हातात दिली. ही आठवी शिकलेली आहे, किराण्याचा हिशोब माझ्यापेक्षा पटकन करते. रेघ मोजायला तिला माझी गरज नव्हती. तिला कोणीतरी सोबत पाहायला हवं होतं.

माझी पहिली किट २०१२ ची. दोन्ही रेघा लख्ख, शंकेला जागाच नाही. सासूबाई आणि आई, दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं की तीन महिने कोणाला सांगायचं नाही. नजर लागते. मी ऑफिसात उलटी आली की टॅप जोरात सोडायचे. नवव्या आठवड्यात सोनोग्राफीला गेलो, रिसेप्शनला तो सगळीकडे असतो तो बोर्ड, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, फॉर्मवर सही केली की मला मुलगा की मुलगी जाणून घ्यायचं नाही. खरंच नव्हतं जाणून घ्यायचं. आत एसी इतका की पाय काकडले. डॉक्टर पडद्याकडे पाहत होते, आधी माझ्याशी बोलत होते, तुम्ही बँकेत का, कोणत्या ब्रँचला, आणि मग बोलणं थांबलं. मशीनचा घरघर आवाज फक्त. पडदा त्यांनी हळूच स्वतःकडे वळवला. मला तेव्हाच कळलं, शब्द नंतर आले. ठोके नव्हते. नंतर आमच्या डॉक्टर मॅडमनी समजावलं की कळलेल्या दर शंभर गर्भारपणांत साधारण दहा ते वीस असे सुरुवातीलाच थांबतात, त्यातल्या निम्म्याच्या आसपास गुणसूत्रांतच चूक असते, तुम्ही काही केलं म्हणून झालं नाही. मी मान हलवली आणि घरी येऊन मानेवाडा रोडवरचे सगळे स्पीडब्रेकर आठवत बसले, कोणत्या दिवशी स्कूटी आदळली होती. पपईची एक फोड खाल्ली होती का मावशीकडे. ऑफिसात कळवलं, व्हायरल आहे. चौथ्या दिवशी डेस्कवर बसले होते, बाजूची म्हणाली, किती उतरलीस गं, डेंगू तर नव्हता? मी म्हटलं नाही, प्लेटलेट्स ठीक होत्या.

जे सांगितलंच नव्हतं ते गेलं हे कोणाला सांगणार.

तेव्हापासून मला वाटतं की हा तीन महिन्यांचा नियम उलटा आहे. सगळ्यात नाजूक, सगळ्यात घाबरे दिवस तेच, उलट्या तेव्हाच, शंका तेव्हाच, पडण्याची भीती तेव्हाच, आणि तेव्हाच तोंड बंद. पाचव्या महिन्यात चोरओटी भरायला चार बायका येतात, सातव्यात डोहाळजेवणाला फुलांची वाडी, झोपाळा, फोटो, सगळं घर सोबत असतं, पण दुसऱ्या महिन्यात बाथरूमच्या दाराआड बाई एकटीच. आजी म्हणायची, दिवस गेलेत हे पोरीनं आधी चुलीला सांगावं. तिच्या काळी असेल ते बरोबर, चुलीशेजारी दुसरी कोणीतरी बसलेली असायची. आणि नुसत्या मनाचा प्रश्न नाहीये. शरीराचं कामसुद्धा तेव्हाच चालू असतं. मॅडमनी दुसऱ्या वेळेस मला कॅलेंडर दाखवून सांगितलं होतं, गर्भाचा मेंदू आणि कण्यातला मज्जारज्जू ज्या नळीतून बनतो ती नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आत मिटते. आपण दिवस मोजतो शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे त्या हिशोबानं सहावा आठवडा. पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. कित्येकींना तेव्हा पत्ताच नसतो. म्हणून फोलिक ॲसिडची ती बारीक गोळी राहायच्या आधीपासून घ्यायची असते, राहिल्यावर पळत जाऊन नाही. कळेपर्यंत अर्धं काम आत होऊन गेलेलं असतं.

ती महादेवाहून आली ते पाय सुजवून, पण खूश. प्रसादाची पुडी, माझ्यासाठी काचेच्या बांगड्या, चढताना कसा पाऊस भुरभुरला ते सगळं सांगितलं. पोटऱ्या दुखत होत्या म्हणून दोन दिवस अंगदुखीच्या गोळ्या घेतल्या म्हणाली, कोणत्या ते माहीत नाही, कागदात बांधून दिल्या होत्या. मी ऐकत होते आणि पोटात गोळा येत होता. तरीही बोलले नाही. आज बोलू, उद्या बोलू. होळीच्या आदल्या दिवशी मी हॉलमध्ये होते, मोहरी तडतडल्याचा आवाज आला, हिंगाचा वास, आणि मग एकदम सराटा खाली पडला. ती तोंडावर हात दाबून मोरीकडे पळाली. गॅस मी बंद केला. बाहेर आली तर डोळ्यांत पाणी, नाक लाल. दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. मी स्वतः खाली जाऊन मेडिकल स्टोअरमधून किट आणली, पेपरात गुंडाळू दिली नाही, तशीच हातात धरून आणली. ड्रॉपरनं तीन थेंब. यावेळेस पाच मिनिटं मी घड्याळ लावून तिच्या बाजूला उभी होते. पाचची गरजच पडली नाही, एका मिनिटात टी ची रेघ सी पेक्षा गडद. किट लघवीत जो हार्मोन शोधते तो सुरुवातीला दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होत जातो, तीन आठवड्यांत कुठल्या कुठे गेला होता. ती भिंतीला टेकली, वर पाहून हात जोडले. "महादेव पावला ताई."

मी काय बोलणार?

हिशोब तिनंच लावला. तारीख विचारली तर म्हणाली, "तुमच्याकडे हळदीकुंकू होतं नं, त्याच्या आदल्या दिवशी मी बाहेरची झाली होती, म्हणून तं वाण घ्याले आली नाही." आमचं हळदीकुंकू १९ जानेवारीला होतं. म्हणजे पाळी १८ ची. मी बोटांवर मोजलं, मग कॅलेंडरवर मोजलं, मग तिच्या नकळत परत एकदा मोजलं. ती चौरागडाच्या पायऱ्या चढत होती तेव्हा पाच आठवडे उलटून सहावा चालू होता. ती नळी मिटायचा आठवडा. पायऱ्यांनी काही होत नाही, हे डॉक्टरांनी नंतर स्पष्ट सांगितलं, चालण्या-चढण्यानं गर्भ पडत नाही. पण फोलिकची गोळी गेली नव्हती, अंगदुखीच्या गोळ्या मात्र गेल्या होत्या. दोन्हीत माझा हात होता. डॉक्टर म्हणाल्या, झालं ते झालं, आजपासून रोज एक, आणि अठरा-वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत कणा नीट पाहू. पिवळी बारीक गोळी, दाण्याएवढी. तिनं ती तळहातावर घेऊन पाहिली आणि म्हणाली, "एवढीशीच?"

तिच्यासोबत दवाखान्यात मी गेले होते, अर्धा दिवस रजा टाकून. सासू येते म्हणाली होती पण तिला कामावर जायचं होतं. बाराव्या आठवड्याच्या आत नोंदणी झाली म्हणून आशाताईच खूश. माता-बाल संरक्षण कार्ड मिळालं, त्यावर वजन, बीपी, टीडीचं इंजेक्शन, पुढच्या तारखा. रांग मोठी होती, बाकड्यावर सगळ्या वयाच्या मुली, कोणाच्या मांडीवर आधीचं लेकरू, एकीच्या हातात आंबट बोरांची पुडी, ती सगळ्यांना देत होती. रक्त काढलं. हिमोग्लोबिन ९.२. आणि मग तो दुसरा कागद. सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या त्या रक्ताच्या आजाराची चाचणी पॉझिटिव्ह आली, पक्क्या तपासणीत निघालं एएस. ए चांगला, एस आजाराचा, एक आईकडून, एक बापाकडून. म्हणजे वाहक. तिला स्वतःला काही त्रास नाही, कधी नव्हता, पण नवराही वाहक निघाला तर प्रत्येक वेळेस चारात एक शक्यता की मुलाला दोन्हीकडून तेच येईल, एसएस. आपल्या या भागात, नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, हे कोणाला नवीन नाही. प्रत्येकाच्या ओळखीत एक तरी घर असतं जिथं पोराचे हातपाय दुखतात, थंडीत जास्त, डोळे पिवळे, आणि वर्षातून चार वेळा रक्त चढवायला मेडिकल किंवा मेयो हॉस्पिटल. माझ्या शाळेत बाजूच्या बेंचवर एक मुलगी होती, पावसाळ्यात ती यायचीच नाही. बाई म्हणायच्या कामचुकार. तिला काय होतं हे मला वीस वर्षांनी कळलं. आता २०२३ पासून त्याचं राष्ट्रीय मिशन आहे, शिबिरं होतात, तरी लग्नाच्या आधी पत्रिका पाहणारे हा कागद पाहत नाहीत.

डॉक्टरांनी पेनानं तारखा लिहून दिल्या. नवऱ्याचा रिपोर्ट लवकर पाहिजे, कारण तोही वाहक असेल तर पोटातल्या बाळाची तपासणी दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास करता येते. आम्ही तिथं बसलो होतो तेव्हा नववा लागत होता. मी ते आकडे पाहत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे बाल्कनीतली ती रिकामी कुंडी. तीन आठवडे. पाचव्यात कळलं असतं तर हातात केवढा वेळ होता. नवरा ई-रिक्षा चालवतो, तो म्हणाला, मले काय झालं आहे, मी तं धडधाकट आहो. पहिल्या दिवशी गेला नाही. दुसऱ्या दिवशी सवारी होती. तिसऱ्या दिवशी मी त्याला फोन केला, आणि मला माहीत आहे की बाहेरच्या बाईनं असा फोन करू नये, पण केला. त्याला म्हटलं, दादा, वाहक धडधाकटच असतो, तुझी बायको नाही का धडधाकट, चार घरची धुणीभांडी करून महादेव चढून आली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दुखते का त्यात लय?" घाबरला होता तो. एवढा वेळ तेच होतं. म्हटलं मुंगी चावल्याएवढं. त्याच संध्याकाळी देऊन आला.

रिपोर्ट यायला पाच दिवस. त्या पाच दिवसांत मी एकदा दुपारी तिला बसवलं, चहा दिला, आणि सांगून टाकलं. त्या दिवशी संध्याकाळी मी पट्टी परत पाहिली होती, त्यावर काहीतरी दिसत होतं, मी तुला सांगितलं नाही. माझ्या सोयीचंही होतं ते, हेसुद्धा सांगितलं. कपातला चहा तिनं तसाच धरून ठेवला. वर साय धरली. मला वाटलं चिडेल, चिडायला पाहिजे होतं. ती म्हणाली, "मले दिसली होती ताई." कधी? "तवाच. बाथरूमातच. बारीकशी दिसली होती, म्हणून तं तुमाले दाखवाले आणली. तुम्ही म्हणाल्या एकच आहे, तं मी म्हटलं माह्याच डोळ्याचा भरम असन, चार वर्षापासून दिसूनच राहिली मले ती." मग चहा पिऊन टाकला, कप धुतला, पालथा घातला. जाताना दारात थांबून म्हणाली, "आता कागद आला का मी आधी पाहीन हं, मग तुम्ही."

काल आला. पाकीट तिनं फोडलं नव्हतं, ब्लाउजच्या आत घडी करून आणलं होतं, घामानं कोपरा ओला झाला होता. कूलर अजून लावला नाहीये आम्ही आणि मार्चअखेरचं ऊन म्हणजे नऊ वाजताच स्वयंपाकघरात उभं राहवत नाही. ट्यूबलाइट चालूच होती. ती म्हणाली, "इथं नको." आम्ही बाल्कनीत गेलो. कागद इंग्रजीत, वर नवऱ्याचं नाव, वय, खाली आकड्यांच्या ओळी, त्या मी वाचायला पुढे झाले आणि थांबले, हात मागे घेतला. तिनं कागद उन्हात धरला, बोट ठेवून एकेक ओळ खाली आली, तिला इंग्रजी अक्षरं येतात, सुटी सुटी. सगळ्यात खाली जाड अक्षरात होतं तिथं बोट थांबलं. ओठ हलले, आवाज नाही आला. परत वाचलं.

"ए," ती म्हणाली. "अन् हा पण ए." मग कागद माझ्याकडे वळवला, बोट तसंच त्यावर दाबलेलं. "दोन आहेत ताई. दोन्ही सारखेच आहेत, पाहा."